पाऊण सीसीचं इंजिन आणि माणचा माळ

रिमोटवर उडणारं विमान आता कुणाला नवं नाही. ड्रोन तर लग्नाच्या वरातीतही घिरट्या घालतात. पण हात सुटला की ज्यावर आपला काडीचाही ताबा उरत नाही, असं इंजिनाचं छोटं विमान फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. या प्रकाराला फ्री फ्लाइट म्हणतात. रेडिओ नाही, दोरी नाही. इंजिन ठरावीक सेकंद चालतं, तेवढ्यात विमान वर चढतं, इंधन संपलं की तरंगत, वळसे घेत खाली येतं. किती चढायचं, कोणत्या बाजूला वळायचं, केव्हा उतरायचं हे सगळं जमिनीवर असतानाच त्याच्या अंगात भरून ठेवावं लागतं. मला या खेळाची ओढ आहे ती नेमकी यासाठीच. गेल्या पावसाळ्यात असं एक विमान बांधायला घेतलं आणि हिवाळ्यात ते साताऱ्यातल्या माणच्या माळावर उडवलं. मराठीत याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलेजात मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. आपल्याकडे एरोमॉडेलिंगची, म्हणजे छोटी विमानं बांधून उडवण्याची गोडी अनेकांना तिथेच लागते. तिथली इंजिनाची विमानं मुख्यतः कंट्रोल लाइनची, म्हणजे दोन तारांवर स्वतःभोवती गोल फिरवायची. ईथरचा तो उग्र-गोड वास आणि एरंडेलाचा धूर एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. माझ्याकडचं इंजिन त्याच काळातलं, एका सीनियरने जाताना दिलेलं. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेल्या मिल्स या इंजिनाच्या धर्तीवर कोलकात्यात बनलेलं, ०.७५ सीसीचं डिझेल.

डिझेल म्हटलं की लोकांना ट्रॅक्टर आठवतो, म्हणून थोडं सांगतो. या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, बॅटरी नसते. सिलिंडरमधला वायू इतका दाबला जातो की त्या उष्णतेने ईथर आपोआप पेट घेतो. डोक्यावर एक आडव्या दांडीचा स्क्रू असतो, तो पिळला की दाब वाढतो, सैल केला की कमी होतो. दुसरा स्क्रू इंधनाचा, त्याला नीडल म्हणतात. सगळं इंजिन या दोन स्क्रूंवर चालतं. इंधन घरी मिसळावं लागतं: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, तिन्ही सारख्या मापाने. एरंडेल शुद्ध हवं, वास किंवा रंग घातलेलं चालत नाही. ईथर प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात रीतसर नाव-पत्ता लिहून घेतलं. सगळ्यात जास्त हिंडावं लागलं ते रॉकेलसाठी. एके काळी घराघरात डबा भरून असायचं, आता शोधून सापडत नाही.

ईथरची मात्र भीती बाळगावी. तो साधारण ३५ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलमध्ये बाटलीचं झाकण सैल राहिलं तर दुपारपर्यंत निम्मं इंधन हवेत गेलेलं असतं, आणि ती वाफ ठिणगी शोधत जमिनीलगत पसरते. मी मिश्रण गच्चीवर, सकाळी, आसपास काहीही पेटतं नसताना करतो. गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, थोडंच. माळावर नेताना बाटली थर्मासच्या पेटीत.

विमान कोणतं बांधायचं यावर मी फार वेळ घालवला नाही. विक स्मीड या ब्रिटिश डिझाइनरने १९५० साली काढलेलं टॉमबॉय हे विमान अशाच पाऊण सीसीच्या इंजिनासाठी होतं. पंखांचा पसारा ३६ इंच, म्हणजे हात पसरला तर छातीपासून बोटांपर्यंत येईल एवढा. वर मोठा पंख, खाली केबिनसारखं अंग. संथ उडणारं, बऱ्याच गोष्टी सांभाळून घेणारं डिझाइन आहे. सत्तर वर्षं उलटून गेली तरी जगभर लोक अजून ते बांधतात, आणि पहिल्यांदा इंजिनाचं फ्री फ्लाइट करणाऱ्याला मी हेच सुचवेन.

बांधकामात खरी मेहनत लाकूड निवडण्यात आहे. बाल्सा हे अगदी हलकं लाकूड मुख्यतः इक्वेडोरहून येतं आणि आपल्या हातात पडेपर्यंत चांगलंच महाग होतं, म्हणून मिळेल ते घेण्याकडे कल असतो. पण एकाच जाडीच्या दोन काड्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. सोनारकामाला वापरतात तसला छोटा डिजिटल काटा घेऊन मी प्रत्येक काडी तोलली आणि पेन्सिलीने वजन लिहिलं. मग प्रत्येक काडी टेबलाच्या कडेवरून तेवढीच बाहेर काढून तिच्या टोकाला एकच नट टांगून पाहिला, किती वाकते ते. डाव्या आणि उजव्या पंखाच्या स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काडीसाठी, वजनाने आणि वाकण्याने जुळणारी जोडी हवी. एक पंख ताठ आणि दुसरा लवचिक झाला तर हवेत दोघं वेगवेगळे पिळतात, आणि असं विमान ट्रिम करता करता, म्हणजे नीट उडेल असं जुळवता जुळवता, माणूस हैराण होतो. नाकाकडे जड काड्या वापरायला हरकत नाही. शेपटीकडे जाईल ते सगळं हलक्यात हलकं, कारण शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमसाठी नाकात तीन-चार ग्रॅम शिसं घालावं लागतं.

बाकीचं काम सुरेख आहे, पण सांगण्यासारखं कमी. सॉफ्टबोर्डवर ड्रॉइंग, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर टाचण्यांनी काड्या. अंगाच्या दोन बाजू एकमेकींवर ठेवूनच बांधल्या म्हणजे त्या हुबेहूब सारख्या होतात. सांध्यांना पांढरा फेव्हिकॉल, अगदी थोडा, टाचणीच्या टोकाने. तो सावकाश वाळतो, पण धक्का बसला तर काचेसारखा तडकत नाही.

कागद चढवायचं काम मी मुद्दाम पावसाळा संपेपर्यंत थांबवलं. पंखावर आधी टिश्यू कागद चिकटवतात, पाण्याचा बारीक फवारा मारून तो ताणू देतात, मग वरून डोपचे, म्हणजे कागद ताणून पक्का करणाऱ्या रोगणाचे, पातळ हात देतात. डोप वाळताना हवा थंड करतो. पुण्याच्या जुलैतल्या दमट हवेत त्या गारव्याने बाष्प धरतं आणि कागदावर पांढरे डाग उमटतात. ते नुसते दिसायला वाईट नसतात, त्या जागी कागद कच्चाही राहतो. ऑक्टोबरात कोरडं ऊन पडलं आणि तेच डोप आरशासारखं बसलं. डोपमध्ये मी एरंडेलाचे दोन-चार थेंब टाकतो, म्हणजे तो पुढे महिनोन् महिने आकसत राहून पंख वाकडा करत नाही. शिवाय प्रत्येक हातानंतर पंख पाटावर टाचण्यांनी जखडून ठेवायचा, टोकांकडे मागच्या कडेखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन. त्यामुळे दोन्ही टोकांची पुढची कड किंचित खाली झुकलेली राहते आणि वेग कमी झाला तरी विमान एका बाजूला कोसळत नाही. चार दिवसांनी टाचण्या काढून मागून एक डोळा मिटून पाहिलं, तर डाव्या टोकाला पीळ थोडा जास्त होता. चहाच्या पातेल्याच्या वाफेवर तो भाग धरला, हाताने उलटा पिळून गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला. सरळ झाला. इंजिनासकट वजन तीनशे ग्रॅमच्या आत बसलं याचं मला मनापासून समाधान वाटलं.

इथवर बांधून झालं. पण फ्री फ्लाइटमध्ये बांधलेलं विमान हे अर्धंच विमान असतं.

जागा म्हणून साताऱ्याचा माण तालुका निवडला. दहिवडीच्या पुढे मोठाले उघडे माळ आहेत. विमानतळ आणि हवाई दलाचे तळ लांब, विजेच्या तारा कमी, पडलं तरी विमान गवतात पडतं. थंडीत सूर्य उगवल्यावर तास-दीड तास वारा अगदी पडलेला असतो. रात्रभर गारठलेली जमीन तापेपर्यंत हवा हलत नाही. एवढाच वेळ आपला. शेजारच्या शेतात शाळू उभा होता, म्हणून शेतकऱ्याला आधी भेटून सांगून ठेवलं, की विमान पिकात गेलं तर आम्ही बांधाने जाऊ, धाटं तुडवणार नाही. भाचा बरोबर होता, त्याच्याकडे वही.

सुरुवात इंजिनाशिवायच्या ग्लाइडने. गुडघाभर गवतात उभं राहायचं, विमान खांद्याच्या उंचीवर सपाट धरायचं आणि भाला फेकल्यासारखं न फेकता, त्याच्या स्वतःच्या उडण्याच्या वेगाने पुढे सोडून द्यायचं. ते नाक वर करून थबकलं आणि मग खाली गेलं, तर शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेखाली एक पातळ चकती. सरळ खाली घसरलं, तर मागच्या कडेखाली. चकत्या मी पातळ प्लायवूडच्या कापून नेल्या होत्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या. एका वेळी एकच चकती, आणि प्रत्येक बदलानंतर निदान दोनदा सोडून पाहायचं, कारण पहिल्या वेळी हातच चुकलेला असू शकतो. भाचा लिहून घेत होता. "मामा, परत तेच," असं त्याने म्हटलं की मला आनंद व्हायचा. दोनदा तेच झालं म्हणजे तो विमानाचा स्वभाव, माझ्या हाताचा नाही.

ग्लाइडमध्ये मला मोठ्या घेराचं उजवं वळण हवं होतं. त्यासाठी रडर, म्हणजे शेपटीचा उभा पल्ला, वाकवायचा मोह होतो, पण इंजिन चालू असताना वेग वाढतो आणि तोच रडर दुपटी-तिपटीने जोर करतो. म्हणून शेपटीचा आडवा पंखच किंचित कलता केला, मागून पाहताना उजवं टोक वर. विमान उचललेल्या टोकाच्या बाजूला वळतं. याचा परिणाम संथ ग्लाइडमध्ये पुरेपूर दिसतो आणि इंजिनाच्या वेगात तेवढा जाणवत नाही. या खेळातली ही माझी सर्वांत आवडती युक्ती आहे.

ग्लाइड एकदा जमला की त्याला हात लावायचा नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलं होतं. पुढे इंजिनावर काहीही खोट दिसली तरी ती इंजिन कलतं करूनच काढायची, शेपटीने नाही. शेपटीने काढली की इंजिनावरचं उड्डाण सुधारतं आणि ग्लाइड बिघडतो, मग ग्लाइड सुधारायला जावं तर पुन्हा पहिलं बिघडतं. माणसं यातच अख्खा हंगाम घालवतात.

इंजिन सुरू करताना बोटाला चामड्याचं टोपण घालतो. प्रॉपेलर आठ बाय चारचा, म्हणजे आठ इंच व्यासाचा आणि चार इंच पिचचा (एका फेऱ्यात तो हवेत जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर). एक्झॉस्टच्या तोंडात इंधनाचे दोन थेंब, प्रॉपेलरला झटका, एक फडफड, पुन्हा झटका, आणि मग तो आवाज. थंडीत दाब थोडा जास्त लागतो. इंजिन तापलं की स्क्रू पाव फेरा सैल करायचा, नाहीतर ते अडखळत चालतं. इंधन सिरिंजने मोजून घातलं. घरी बाकावर इंजिन बांधून किती इंधनाला किती सेकंद चालतं ते आधीच पाहिलं होतं, त्यामुळे दहा-बारा सेकंदांचं इंधन घालून उडवता आलं.

पहिल्या उड्डाणाला प्रॉपेलर मुद्दाम उलटा बसवला, पुढची बाजू मागे. फिरतो त्याच दिशेने, पण ओढ बरीच कमी पडते. विमान जमिनीपासून फार वर न जाता डावीकडे वळत एक मोठा वळसा घेऊन आलं. डावीकडे, कारण प्रॉपेलर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट पीळ विमानाला बसतो. हे अपेक्षितच होतं आणि हवंही होतं: चढताना डावं वळण, उतरताना उजवं. मग प्रॉपेलर सरळ केला. आता ते नाक उचलून चढायचं, थबकायचं, मान टाकायचं, पुन्हा चढायचं. इंजिन खालच्या दिशेला थोडं झुकवायला हवं होतं. मागच्या स्क्रूंजवळ इंजिनाखाली एक चकती घातली, फरक पडला, दुसरी घातली, थबकणं संपलं. पण नाक खाली आल्यावर डावं वळण घट्ट झालं, एक पंख खाली टाकून विमान आत-आत ओढलं जाऊ लागलं. ही धोक्याची खूण. इंजिनाची भोकं मी मुद्दाम किंचित लांबट केली होती, तेवढ्यात ते उजवीकडे नखभर वळवून घट्ट केलं. पुढचं उड्डाण पाहताना भाचा लिहायचंच विसरला. विमान डाव्या हाताला ऐसपैस वळसे घेत, एकसारख्या कोनात, जिना चढल्यासारखं वर गेलं. इंजिन थांबलं, क्षणभर ते सरळ झालं आणि उजवीकडे वळून तरंगू लागलं. कुणीही काहीही न करता.

आता थर्मलबद्दल. स्पर्धेत एका उड्डाणाचे बहुतेक वेळा जास्तीत जास्त तीन मिनिटं धरतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की जितका वेळ वर राहील तितकं चांगलं. पण दख्खनच्या पठारावर नऊ वाजल्यानंतर तापलेली हवा बुडबुड्यासारखी वर सुटू लागते. आपलं तीनशे ग्रॅमचं विमान त्यात सापडलं की ते खाली येतच नाही. घारी पंख न हलवता चढतात, तसंच तेही चढत जातं आणि वाऱ्याबरोबर पुढच्या गावाला पोहोचतं. यावर उपाय म्हणजे डीथर्मलायझर. ठरावीक वेळाने शेपटीचा आडवा पंख मागच्या कडेने एकदम चाळीस-पंचेचाळीस अंश वर उचलला जातो, विमानाची उडण्याची ताकद जाते आणि ते आडवंच, डोलत, सावकाश खाली बसतं. जुने लोक यासाठी जळती वात वापरत. वात रबर जाळून तोडायची. माणच्या वाळक्या गवतात जळती वात आकाशातून सोडायचा विचारही करू नये, मेंढरांचा वर्षाचा चारा एका दुपारी जाईल. मी चावीच्या खेळण्यातलं यंत्र घेतलं. बाजारात किल्ली दिल्यावर चालणारी प्राणी-पक्ष्यांची खेळणी मिळतात, त्याचे पाय आणि खोकं काढलं की आत उत्तम टायमर असतो. किल्लीच्या दांड्यावर तारेचा आकडा, त्यात शेपटी धरून ठेवणारा दोरा. दांडा ठरावीक फिरला की दोरा सुटतो. वजन अगदी मामुली. घरी टायमर पुन्हा पुन्हा लावून घड्याळावर तपासला, थंड गच्चीवर आणि तापलेल्या गाडीतही.

तो उपयोगी पडला तो हंगामातल्या सगळ्यात लांब उड्डाणाला. ऊन चढलं होतं, वारा मंद सुटला होता. इंजिन पंचवीस-एक सेकंद चाललं. ग्लाइडमध्ये विमान दोन वळसे खाली आलं आणि मग खाली यायचं थांबलं. डावा पंख किंचित उचलला गेला, वळसा लहान झाला, आणि ते वर जाऊ लागलं. पंखांवरचा पिवळा कागद उन्हातून आरपार दिसत होता, आतल्या रिबांच्या, म्हणजे आडव्या फासळ्यांच्या, रेषांसकट, मग रेषा दिसेनाशा झाल्या. भाचा सेकंद मोजत होता. मी नजर न हलवता खिशातला फोन काढून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, कंपास काढ, माझ्या बोटाच्या रेषेत धर. अशा वेळी दिशा हाच एक आधार असतो, अंतराचा अंदाज डोळ्याला साफ चुकवतो. दोन मिनिटांनी शेपटी उचलली गेलेली दुरूनही कळली. विमान आकाशात अडल्यासारखं झालं आणि हलत-डुलत एका उंचवट्यामागे गेलं.

त्या रेषेत आम्ही नाकासमोर चालत राहिलो, कुठल्याही झाडासाठी वाट न बदलता. उंचवट्यापलीकडे मेंढरं होती आणि त्यांच्यामागे एक म्हातारबाबा.

"पाव्हणं, इमान हुडकताय व्हय? तकडं बाभळीखाली पडलंया. म्या हात न्हाई लावला, म्हटलं कुणाचं काय आसंल."

पंखावर माझं नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, पण तिची गरज पडली नाही. एका काट्याने कागदाला बोटभर भोक पाडलं होतं, बाकी विमान धड होतं. बाबांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं, मग सगळ्यात आधी इंजिनाकडे बोट करून विचारलं, की एवढ्याशा यंत्राला तेल किती लागतं. एरंडेल लागतं म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. त्यांच्याकडे बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालायचे म्हणाले. चहा घेऊन जा म्हणून आग्रह झाला, आणि आम्ही बसलो.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी इंजिन रॉकेलने धुऊन, दाबाचा स्क्रू सैल करून, आत हलक्या तेलाचे थेंब सोडले. एरंडेल तसंच राहिलं तर गोंदासारखं घट्ट होतं आणि पुढच्या वेळी प्रॉपेलर हलतच नाही. भोकावर टिश्यूचा गोल तुकडा डोपने चिकटवला. वहीत त्या उड्डाणासमोर इंजिनाखालच्या दोन चकत्या, शेपटीच्या कलाचं माप आणि टायमरचे फेरे लिहून ठेवले. ऊन चढल्यावर उडवायचं असेल तर टायमर आता दीड मिनिटावर लावायचा, हेही लिहिलं. भाच्याला इंजिनाआधी साधा ग्लायडर स्वतः बांधायचा आहे, त्याच्यासाठी काड्या तोलायला घेतल्या आहेत.